हौसेचा काळा, भीतीचा काळा

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एकच रंगारीण होती. तिचं नाव गोजराक्का. नव्या नवरीच्या लुगड्यापासून म्हाताऱ्याच्या पागोट्यापर्यंत गावातलं सगळं तिच्या हंड्यातून न्हाऊन निघायचं. तिचे हात कोपरापर्यंत निळे, आणि डोकं मात्र कापसासारखं पांढरं.

केसांचा रंगही तीच करून द्यायची. आधी मेंदी, ती धुऊन केस वाळले की वर निळीचा लेप. लोखंडी कढईत भिजवलेला आवळा आणि माका त्यात असायचाच. पण आल्या आल्या ती कुणाला रंग लावत नसे. कानामागं बोटभर लेप लावायची आणि सांगायची, "उद्यापर्यंत खाज सुटली नाही, तर ये. घाई केसांना मानवत नाही." गावचा कारभारीसुद्धा दर पंधरा दिवसांनी मागल्या दारानं यायचा आणि काळाभोर होऊन जायचा. ती गोष्ट गोजराक्कानं कधी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

एकदा निरोप आला की, पौर्णिमेला राजा गाव पाहायला येणार. कारभाऱ्यानं रस्ते झाडून घेतले, भिंती सारवून घेतल्या, आणि मग त्याची नजर माणसांच्या डोक्यांवर गेली. संध्याकाळी दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! पांढऱ्या केसांनी आपलं गाव म्हातारं दिसतं! पौर्णिमेच्या आत सगळ्यांनी केस काळे करावेत. जो करणार नाही त्यानं घरात बसावं. त्याचं दुकान, त्याचा माग दुसऱ्याला दिला जाईल!"

दुसऱ्याच दिवशी एक फेरीवाला आला. 'घटकेत काळे' असं ओरडत तो कसलंसं चूर्ण विकत होता. बांगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्या कासारणीनं ते घाईघाईनं डोक्याला चोपडलं. केस काळे झाले खरे, पण संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलं आणि डोळे मिटले. गोजराक्का तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. गार पाण्याच्या घड्या ठेवत होती, कोरफडीचा गर लावत होती.

"सण नाही, लग्न नाही, कशापायी लावलंस गं?" तिनं विचारलं.

"भ्याले," कासारीण म्हणाली. "दुकान गेलं तर खाऊ काय?"

तो एक शब्द गोजराक्काच्या मनात काट्यासारखा रुतला. आजवर तिच्या दारी माणसं हौसेनं आली होती. भिऊन आलेलं डोकं तिनं कधी रंगवलं नव्हतं.

ती घरी आली, तर दारात ही गर्दी! पुढं होती माळीण. हसत म्हणाली, "अक्का, मला लाव. दवंडी गेली चुलीत! मला आरशात काळे केसच आवडतात." गोजराक्कानं तिच्या कानामागं लेप लावला आणि उद्या यायला सांगितलं. मागं म्हातारा कोष्टी उभा होता.

"तुला आवड म्हणून हवाय का रे दादा?"

कोष्ट्यानं मान खाली घातली. "मागावरनं उठवतील मला. चाळीस वर्षं बसतोय त्या मागावर."

"हवाच असेल तर रंग देते," ती म्हणाली. "पण नको असेल, तर सोबत देते. परवा बाजार आहे. पागोटं घरी ठेव आणि माझ्याबरोबर चल."

बाजाराच्या दिवशी दोन पांढरी डोकी भर उन्हात वेशीपासून निघाली. लोहाराच्या दारापर्यंत ती पाच झाली आणि चावडीशी पोचेतो अकरा. कारभारी ताडकन उठला.

"गोजराबाई, रंग तुझ्या घरचा, आणि तूच अशी फिरतेस?"

"रंग माझा आहे, कारभारी. डोकंही माझंच आहे. हुकूम तेवढा तुमचा."

लोक खुसखुसले. कारभारी लालबुंद झाला. त्यानं तिथल्या तिथं गोजराक्काच्या रंगाच्या कोठीला कुलूप ठोकलं आणि अकराही जणांना घरी पिटाळलं. "राजा जाईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंत, तर याद राखा!"

कोठी गेली आणि गोजराक्काचे हात रिकामे झाले. हंड्याखाली जाळ नाही, दारात वाळणारी लुगडी नाहीत. शेजारणी म्हणाल्या, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लाव की काळा, काय बिघडतं?" तिलाही क्षणभर वाटलं, खरंच, काय बिघडतं? मग कासारणीचा सुजलेला चेहरा आठवला. ती म्हणाली, "काळं होण्यात काहीच बिघडत नाही गं. वाकण्यात बिघडतं."

तेवढ्यात माळीण आली. तिचे केस भुंग्यासारखे काळे झाले होते. "मला बाहेर फिरायची मोकळीक आहे," ती म्हणाली, "पण मी फिरणार नाही. केस मी माझ्या मर्जीनं काळे केलेत, कारभाऱ्याच्या हुकमानं नाहीत. घरात बसा म्हणतोय ना? मग सगळेच बसू!"

ही गोष्ट घरोघर गेली. पौर्णिमेची सकाळ उजाडली, पण गावात एक दार उघडलं नाही. सडा नाही, तोरण नाही, वाजंत्री नाही. काळ्या डोक्यांचे, पांढऱ्या डोक्यांचे, सगळे आत.

आणि कारभाऱ्यानं आरसा पाहिला. रंग लावून पंधरा दिवस उलटले होते आणि भांगात पांढरी रेघ उमटली होती! रंगाची कोठी त्यानंच बंद केली होती आणि फेरीवाल्याचं चूर्ण लावायची छाती होत नव्हती. डोक्यावर उपरणं ओढून तो मागल्या दारानं गोजराक्काकडे आला.

"ही घे किल्ली. लवकर कर काहीतरी. राजा दुपारी येतोय."

गोजराक्कानं किल्ली घेतली नाही. "आधी दवंडी मागं घ्या."

"आणि मी? असा जाऊ राजासमोर?"

"तुमच्या हुकमाप्रमाणं तुम्हीही घरातच बसायला हवं," ती म्हणाली. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिचा आवाज मऊ झाला. "माणसं हसतील, असं वाटतंय ना? मी चालते शेजारी. चला."

कारभाऱ्यानं किल्ली उंबऱ्यावर ठेवली. मग त्यानं उपरणं खाली घेतलं.

त्या दिवशी दवंडी त्यानं स्वतः दिली. "हुकूम रद्द! ज्याचं डोकं, त्याची मर्जी!" दारं धडाधड उघडली. बायकांनी घाईघाईनं सडे घातले, कोष्टी मागावर बसला, कासारणीनं दुकान मांडलं.

दुपारी राजा आला. तळं यंदा भरलं का, एवढं त्यानं विचारलं. कुणाच्या केसांकडं त्यानं पाहिलंही नाही.

दुसऱ्या सकाळी गोजराक्कानं कोठी उघडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. तिनं मेंदी कालवली, नीळ बाजूलाच ठेवली, आणि केस डाळिंबासारखे लाल करून पाणी भरायला नदीवर गेली.

तात्पर्य काय, तर केस रंगवावेत की नाहीत, हे ज्याचं त्यानं ठरवावं; पण भीतीनं एकदा मान वाकवली, की ती कुठल्याच रंगात शोभत नाही.