कोण कुणावर गेले?

एका राज्यात धृतिमान नावाचा राजा होता. त्याला सोन्याचा मोह नव्हता, युद्धाची हौस नव्हती. त्याला वेड होते ते जिवंत गोष्टींचे. वाटेत मुंगी दिसली तरी तो पालखी थांबवी. त्याने तीन महाल बांधले. जे उडते ते नभमहालात, जे पोहते ते जलमहालात, जे चालते ते भूमहालात. जे जागचे हलतच नाही, ते बागेत. द्वारपाल दारात विचारीत, "उडतो, पोहतो की चालतो?" आणि उत्तराप्रमाणे दार उघडीत.

एकदा कोळ्यांनी देवमाशाची लहानशी मादी आणली. ती पोहत होती, म्हणून जलमहालात गेली. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून तेथील तळ्यावर स्फटिकाचे झाकण होते. ती झाकणावर डोके आपटू लागली. "काय सुंदर नाचते!" म्हणून राजाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत ती मेली. तिला श्वास घ्यायला वर यायचे होते.

ती शंखपाद मांत्रिकाची सखी होती. तो लाटेवर उभा राहून वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, "राजा, आप्त कोण आणि परका कोण, हे तुला कळले नाही. आता तुझ्या राज्यात कुणालाच कळणार नाही."

तसेच झाले. आया पाळण्यात डोकावून विचारू लागल्या, "हे मूल कुणाचे?" नवराबायको एका पंगतीत बसून एकमेकांना गाव विचारू लागले.

राजकन्या वेत्रवती तेव्हा आजोळी होती. ती परतली, तिच्या खांद्यावर आजोळची बोलकी साळुंकी होती. राजाने नम्रपणे विचारले, "बाई, काय काम काढलेत?" राणीने तर पाहुणी म्हणून तिची ओटी भरली.

"नारळ मोठा होता," बाहेर आल्यावर साळुंकी म्हणाली.

"गप्प बस," वेत्रवती म्हणाली आणि ओटीतला तांदूळ सांडू नये म्हणून पदर घट्ट धरून रडली. मग तिने द्वारपालाकडून शापाची हकीकत ऐकली, होडी काढली आणि शंखपादाचे बेट गाठले.

"शाप उतरव," ती म्हणाली.

"तिघे चुकीच्या घरी आहेत," मांत्रिक म्हणाला. "त्यांना त्यांच्या घरी ने. पहिले वटवाघूळ. दुसरी अळंबी. तिसरी माझी सखी. तिचे घर कोणते, ते राजाच्याच तोंडून आले पाहिजे. आणि त्वरा कर. त्या राज्याची हवा तुलाही लागेल. उशीर झाला, तर तुलाही बाप ओळखू येणार नाही."

परतताना वेत्रवतीला आपल्या राज्याची एक रीत आठवली. बारशाच्या दिवशी म्हाताऱ्या बाळाभोवती बसत आणि मूल कुणावर गेले ते सांगत. चेहऱ्याकडे मात्र त्या पाहत नसत. म्हणत, "चेहरा रोज बदलतो गं. कानाची पाळी बघ, नखे बघ, भोवरा बघ." खुद्द वेत्रवतीची डावी करंगळी आत वळलेली होती, राजाची होती तशीच. म्हाताऱ्यांनी ती पहिल्या दिवशीच हेरली होती.

"मुलांचे सांगता येते, तर वटवाघळाचे का नाही?" ती म्हणाली.

नभमहालात वटवाघूळ उलटे लटकत होते. द्वारपालाने वाट अडवली. "त्याला पंख आहेत. ते येथलेच."

"तुमच्या पागोट्यालाही तुरा आहे," साळुंकी म्हणाली. "चला, तुम्हालाही एक घरटे देऊ."

वेत्रवतीने पंख हलकेच उलगडला. त्यावर एकही पीस नव्हते. लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी होती, अंगावर लव होती. आणि पोटाशी एक पिल्लू बिलगून दूध पीत होते. ती त्याला भूमहालात घेऊन गेली, जेथे गाय होती, मांजर होती, उंदीर होता. वटवाघूळ तुळईला लटकले आणि निवांत झोपले. पहिले काम झाले.

त्या दिवशी वेत्रवती आईचे नाव विसरली.

अळंबी बागेत होती. माळी तिला उन्हात ठेवत होता आणि ती सुकत होती. वेत्रवतीने तिला निरखले. पान नाही, हिरवा कण नाही. उन्हातून ती आपले अन्न रांधत नव्हती. कुजक्या लाकडावर जगत होती. दुसऱ्याने तयार केलेले खाणारी, म्हणजे प्राण्यांवर गेलेली! वेत्रवतीने आनंदाने तिला भूमहालात नेले. सकाळी पाहते तो अळंबी मलूल, आणि गाय तिला हुंगत उभी.

"घाई केलीत," साळुंकी म्हणाली. "मावशीचा चेहरा आला म्हणजे मूल मावशीचे होत नाही."

वेत्रवती पुन्हा बसली. अळंबीला तोंड नव्हते, पोट नव्हते. ती अन्न गिळत नव्हती, बारीक धाग्यांनी शोषून घेत होती. ही झाडांपेक्षा आपल्याला जवळची खरी, पण तिचे कुळ निराळे. मग वेत्रवतीने तिच्यासाठी चौथे घर बांधले, अंधारे, ओले, लाकडाच्या भुशाने भरलेले. त्यात अळंबीने छत्री उघडली. जग तीन महालांत मावत नाही, हे त्या राज्याला पहिल्यांदा कळले. दुसरे काम झाले.

त्या दिवशी वेत्रवती आपण कोण हेही विसरली. काम तेवढे ध्यानात होते.

जलमहालाच्या काठावर देवमाशाच्या मादीचा सांगाडा मांडलेला होता. वेत्रवतीने राजाला बोलावून आणले.

"बाई," राजा म्हणाला, "हा मासा होता. फार सुंदर नाचत असे."

"महाराज, आपण माझे कोण ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण हा वल्ह्यासारखा पर पाहा."

राजा वाकला. पराच्या आत माशाचे काटे नव्हते. एक हाड दंडाचे, दोन हाडे कोपराखालची, मनगटाचे खडे, आणि पुढे पाच बोटे. राजाने आपला डावा हात त्यावर ठेवला. दंडावर दंड, मनगटावर मनगट, बोटावर बोट.

त्याने एकेक हाड चाचपले. मग म्हणाला, "हिला फुप्फुसे असतील."

"होती."

"ही पिल्लाला दूध पाजत असेल."

"पाजत होती, महाराज."

"म्हणजे ती नाचत नव्हती," राजा म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. "ती श्वास मागत होती. ही माशांची नव्हे. ही आमच्या घरची. आणि मी टाळ्या वाजवल्या."

त्याचा हात हाडांवरच होता; त्या अनोळखी मुलीने त्याला धीर देण्यासाठी आपला डावा हात शेजारी टेकवला.

"चेहऱ्यावर जाऊ नका," साळुंकी हळूच म्हणाली.

दोघांनी खाली पाहिले. हाडांच्या पाच बोटांवर दोन हात होते, एक म्हातारा, एक तरुण. दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या होत्या.

"वेत्रवती," राजा म्हणाला.

"बाबा," ती म्हणाली.

त्याच क्षणी राज्यभर पाळण्यांतली मुले उचलली गेली. राणी अनवाणी धावत आली, आणि लेकीची पाहुणी म्हणून ओटी भरल्याचे आठवून आधी हसली, मग रडली.

स्फटिकाचे झाकण फोडले गेले. सांगाडा मानाने समुद्रात गेला; शंखपाद लाटेवर उभा राहून त्याला सामोरा आला. महालांची दारे पुन्हा मांडली गेली, आणि आता द्वारपाल उडतो की पोहतो हे विचारत नाहीत. ते दिवा जवळ आणतात, वाकून पाहतात आणि विचारतात, "बाळा, तू कुणावर गेलास?"

उत्तर मिळेपर्यंत दार उघडत नाही. वाट पाहणाऱ्याला मात्र बसायला पाट देतात.