कुत्र्याचा तंबू आणि मोहाची फुले

एका जंगलात, नदीच्या वळणावर, एक कुत्रा तंबूत राहत असे. मुलांनो, जंगलात कुत्रा आणि तोही तंबूत, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. झाले असे, की पक्षी पाहायला आलेली काही माणसे तिथे मुक्कामाला होती. जवळच्या गावातला हा कुत्रा त्यांच्या मागोमाग आला आणि त्यांच्या सामानाची राखण करू लागला. मुक्काम हलवताना त्यांनी एक जुना तंबू, सतरंजी आणि घोंगडी त्याच्यासाठीच मागे ठेवली. कुत्रा काही गावात परतला नाही. बिबट्या पाण्यावर उतरला की तो असा भुंके, की हरणे, ससे, भेकरे वेळीच सावध होत. सारे त्याला मान देत आणि तोही मान ताठ ठेवून चाले.

फाल्गुनात एका दुपारी आभाळ काळवंडले आणि गारा पडू लागल्या. पानगळीने झाडे उघडी पडली होती, आडोसा कुठेच नव्हता. कुत्र्याने तंबूचे दार उघडून सगळ्यांना आत बोलावले. जनावरे धावत आली खरी, पण दाराशीच थबकली. उघड्यावर भेटताना कधी जाणवला नाही असा उग्र वास आतून येत होता. ओल्या केसांचा, कुबट घोंगडीचा, रोज तिथे लोळणाऱ्या अंगाचा. ससे मागे फिरले. एका हरिणीला आत जायचे होते, पण तिचे पाडस पाय रोवून उभे राहिले. असा वास रानकुत्र्यांचा असतो आणि तो आला की पळायचे, हे तिनेच त्याला शिकवले होते. हरिणीने त्याला पोटाखाली घेतले, तरी एक मोठी गार त्याच्या पाठीवर बसलीच.

पाडसाने कळवळून फोडलेला टाहो कुत्र्याच्या मनातून जाईना. आजवर हा वास म्हणजे त्याला आपली शान वाटत होती. तंबू कुणाचा हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. आणि आज त्याच वासाने पाहुणे दारातून परत गेले होते.

तेवढ्यात कोल्हा आला. गारांचा मार त्यालाही बसला होता, पण निवाऱ्यासाठी कष्ट उपसायची त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला, "वास घालवायचा कशाला? त्याच्यावर दुसरा चढव. मोह फुलला आहे, आत फुले पसर. कुणाला काही कळायचे नाही."

कुत्र्याला ही युक्ती फार आवडली. वासही राहील आणि पाहुणेही येतील, असे त्याला वाटले. त्याने तोंडाने फुले वेचून आणली आणि सतरंजीवर त्यांचा थर घातला. पण मोहाचा गोड दर्प आणि कुत्र्याचा वास एकमेकांत मिसळले, तेव्हा आत श्वास घेणेही नकोसे झाले. त्यात भर म्हणून सकाळी सकाळी मोहाच्या वासावर एक अस्वल आले आणि डोके खुपसून सरळ तंबूत शिरले. कुत्र्याने घसा फोडून भुंकत त्याला कसेबसे बाहेर काढले. तोवर दोन खुंट्या उखडल्या होत्या आणि तंबू एका अंगावर कलला होता. कोल्हा टेकडीवरून हे सारे पाहत होता. तो खाली आला नाही.

नदीत एक पाणमांजर राहत होती. तिला आपल्या स्वच्छतेचा मोठा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. कुत्रा तिच्याकडे गेला आणि त्याने काही न झाकता सगळे सांगितले. पाणमांजर तंबूपाशी आली, नुसते नाक आत घालून मागे सरली. फुले आधी दूर फेक आणि एकूण एक वस्तू नदीवर आण, असे तिने बजावले.

कुत्रा घुटमळला. "वासच गेला, तर तंबू माझा आहे हे कळणार कसे?"

"तू आहेस म्हणून कळेल," पाणमांजर म्हणाली. "वासाला काही भुंकता येत नाही."

मग काम सुरू झाले. साळिंदराचा गळून पडलेला काटा घेऊन पाणमांजरीने तंबूच्या शिवणींत अडकलेले केस उकरून काढले, कारण वास तिथेच धरून बसतो. हरिणीला हे कळले तेव्हा तिने झाडाखाली पडलेले रिठे गोळा करून दिले. रिठ्यांच्या फेसात सतरंजी आणि घोंगडी बुचकळून निघाली. तंबूचे कापड मात्र पाणमांजरीने दगडावर आपटू दिले नाही, हलक्या हाताने धुतले. नाहीतर पाणी अडवायचा त्याचा गुण गेला असता. शेवटी पाणमांजरीने कुत्र्यालाच पाण्यात उतरायला सांगितले. तो मळका राहिला, तर ही सारी धुलाई फुकट जाणार होती. कुत्र्याला अंघोळीचा भारी तिटकारा. तरी तो उतरला आणि पाण्यातही मान ताठ ठेवून उभा राहिला.

सामान वाऱ्यावर पसरले होते, तोच आकाशात पुन्हा ढग जमू लागले. कुत्र्याची चलबिचल सुरू झाली. ओलसर असले तरी आता तंबू उभारून टाकावा, असे त्याला वाटले. पण ओले कापड तसेच वापरले की ते पुन्हा कुबट होते, हे पाणमांजरीने त्याला सांगितले. तिने घोंगडी हुंगली आणि ती पुन्हा धुवायला लावली. कुत्र्याने ती पुन्हा धुतली. सगळे कोरडे खडखडीत झाले, तेव्हाच खुंट्या ठोकल्या गेल्या.

आणि गारा आल्या. हरिणी पाडसाला घेऊन दाराशी पोहोचली. पाडसाने नाक पुढे केले, एकदा हुंगले, पुन्हा हुंगले आणि टुणकन उडी मारून आत गेले. त्याच्यामागे ससे आले, भेकरे आली. सगळ्यांत शेवटी कोल्हा कान पाडून उभा राहिला. कुत्र्याने त्यालाही वाट दिली. स्वतः मात्र तो दारात, पुढे आलेल्या कापडाखाली बसला. बाहेर गारा तडतडत होत्या आणि आत पाडस आईला टेकून झोपी गेले होते.

हरिणी हळूच म्हणाली, "दादा, आत तुझा वास कुठेच नाही. पण दारात तू आहेस, म्हणून त्याला झोप लागली."

कुत्र्याने नुसती शेपटी हलवली. पण मुलांनो, त्या दिवशी त्या जंगलात त्याच्याइतकी ताठ मान दुसऱ्या कुणाची नव्हती.

तात्पर्य : आपला दोष सुगंधाखाली दडवला तर तो अधिकच मुरतो, तो आपल्या हातांनी धुऊन काढणाऱ्यालाच मान ताठ ठेवण्याचा हक्क असतो.