कुजबुजणारे अग्निदंड

एका राज्यात दारावर थाप पडली की घरातली माणसे गारठून जात. त्या राज्याचे नाव कोणी घेत नाही, आपणही घेऊ नये.

झाले होते ते असे. सीमेपलीकडून लुटारू येत, गावेच्या गावे जाळीत. तेव्हा कालदंष्ट्र नावाच्या मांत्रिकाने घरटी एक अग्निदंड दिला. रोखला की ज्वाळा सुटे, समोरच्याची राख होई. लुटारू पळाले. पण दंड खुंट्यांवर राहिले आणि बोलू लागले. बाहेर पाऊल वाजले की कुजबुजत, "शत्रू आला." एका धुक्याच्या सकाळी राजा प्रतर्दनाने ती कुजबुज ऐकली आणि दंड रोखला. दारात शिकारीहून परतलेला युवराज होता. राजकन्या शाल्मलीने भावाची राख ओंजळीत भरली.

दरबारात वाद पेटला. प्रधान म्हणाले, सारे दंड हिसकावून घ्यावेत. सीमेवरचा सरदार रणधीर संतापून म्हणाला, लुटारू पहाटे येतात आणि महाराजांची फौज दुपारी. तोवर आम्ही काय करावे? खरे दोघांचेही होते. शिपायांनी एक दंड हिसकावला, तर त्याच खुंटीवर दोन उगवले.

तेव्हा मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून सुटलेली एक साळुंकी शाल्मलीच्या खांद्यावर येऊन बसली. म्हणाली, "कालदंष्ट्र तुमच्या भयावर जगतो. सर्वांत बलवान, सर्वांत संतप्त आणि सर्वांत भयभीत, या तिघांनी आपल्या हातांनी दंड तळ्यात टाकले, तरच शाप तुटेल."

बलवान तो राजा. लेकीच्या डोळ्यांत न पाहता त्याने दंड तळ्यात टाकला. संतप्त तो रणधीर. शाल्मलीने सीमेवर चौकी उभारून फौज वसवली, तेव्हा कुठे त्याची मूठ सुटली.

भयभीत होती रानाच्या टोकाला राहणारी गिरजा. तिचा नवरा आणि दोन मुलगे लुटारूंनी तिच्यादेखत मारले होते.

शाल्मली एकटीच गेली. दार वाजवताच आत कुजबुज उठली. तिच्या स्वतःच्या कमरेचा दंडही पुटपुटला, "ती मारील. तू आधी मार." दार किलकिले झाले आणि फटीतून दंडाचे तोंड तिच्या छातीवर आले. तिने हळूच कमरेचा दंड सोडला, जमिनीवर ठेवला, पायाने दूर लोटला.

"मी राजाची लेक, शाल्मली. हाती काही नाही."

"हा टाकला आणि उद्या ते आले," गिरजा म्हणाली, "तर माझ्या दारी कोण?"

चौकी तिथून फार दूर होती. शाल्मलीला खोटे बोलवेना.

"मी," ती म्हणाली. "मी इथेच राहीन."

गिरजाने दार पुरते उघडले. दोघी तळ्यावर गेल्या. गिरजाचा दंड बुडताच पाणी उसळले. राज्यातले सारे दंड वाळल्या काटक्या झाले आणि कालदंष्ट्र धूर होऊन वाऱ्यावर विरला. चौक्यांवर पहारे लागले, बाजार पुन्हा भरू लागले.

दंड बुडाला त्याच दुपारी गिरजा कित्येक वर्षांनी गाढ झोपली. राजकन्या तिच्या उंबऱ्यावर रिकाम्या हातांनी पहारा देत बसली, आणि रानातल्या प्रत्येक सळसळीला तिचे काळीज हलत राहिले.