दुनळीचा डावा घोडा

“सरकार, यातला डावा घोडा कारखान्यातला नाही!”

मिरासाहेब शिकलगार एवढंच बोलला आणि आंबेखिंडीचा अख्खा दरबार त्याच्याकडे वळला. श्रीमंत धवलसिंगरावांनी मुंबईच्या मुकुंदशेट दलालाकडून नुकतीच ती जुनी विलायती दुनळी बंदूक घेतली होती. पाच जाणकार सरदारांनी ती डोळ्यांपुढे धरून “अस्सल! अस्सल!” म्हणून माना डोलावल्या होत्या. आणि शिलेखान्यातली हत्यारं पुसणारा हा माणूस म्हणत होता, की चाप ओढल्यावर आपटतो तो डावीकडचा घोडा मागून कुणीतरी बसवलेला आहे!

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “आम्ही घेतलेली वस्तू खोटी? मिरासाहेब, आज संध्याकाळच्या आत बायकापोरांसह संस्थानाबाहेर व्हा!”

बापाच्या मागं तेलाची बुधली घेऊन उभ्या असलेल्या जैतूननं ती खाली ठेवली. आजोबा, पणजोबा, सगळ्यांचे हात याच शिलेखान्यात काळे झालेले. जायचं कुठं? ती पुढं झाली.

“सरकार, अब्बा खरं बोलले, तर?”

“तर सिद्ध कर!” महाराज गरजले. “पण बंदुकीला तुम्हा बापलेकीचं बोटही लागता कामा नये. ना हात, ना हत्यार!”

सरदार फिदीफिदी हसले. घोड्याचा खरेखोटेपणा कळतो त्याच्या पोटात कोरलेल्या नंबरावरून, आणि घोडा उतरवल्याशिवाय ते पोट दिसत नाही. हात न लावता घोडा उतरवायचा कसा? मंत्र म्हणून?

जैतूननं लांबूनच बंदूक न्याहाळली. उजवीकडची कोरीव वेल घोड्याखालच्या लोखंडी पत्र्यावरून थेट घोड्याच्या मानेवर चढली होती. डावीकडे मात्र वेल पत्र्याच्या कडेला येऊन थांबलेली, आणि घोड्यावरची पानं वेगळ्याच झाडाची! अब्बांनी बरोबर ओळखलं होतं. पण असं नुसतं बोट दाखवून महाराज थोडेच ऐकणार? ती मुकुंदशेटकडे वळली.

“शेटजी, बंदूक फार देखणी आहे हो! कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडली असेल का?”

“छे छे!” मुकुंदशेटनी कोटाची बटणं सारखी केली. “एक पेच फिरलेला नाही, पोरी! साहेबानं आवळला तसाच आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी? मी तर पेचाला नखही लावलं नाही. देवाशपथ!”

“ऐकलंत ना, सरकार?” जैतून म्हणाली. “पण शेटजी, लोक फार शंकेखोर. म्हणतील, डाव्या घोड्याच्या पोटात नंबरच नसेल.”

“नसेल कसा?” शेट उसळले. “सात हजार दोनशे एकोणीस! नळ्यांवर आहे तोच! या माझ्या डोळ्यांनी वाचलाय!”

“कधी?”

“परवाच! बंदूक इकडं आणण्याआधी!”

“वा!” जैतून म्हणाली. “शेटजींची नजर काय आहे, सरकार! पेच न फिरवता, घोडा न उतरवता लोखंडाच्या पोटातलं वाचतात! अशा माणसाला बंदुका विकायला कशाला ठेवायचं? राजवैद्यांच्या हाताखाली द्या, रोग्यांची पोटं तरी वाचतील!”

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. शेटच्या कपाळावर घाम आला. “म्हणजे... कारखान्याच्या कागदात वाचलं होतं...”

“मग फारच सोपं झालं,” जैतून म्हणाली. “मला हात लावायचा नाही. शेटजींना कुठं मनाई आहे? त्यांनीच घोडा उतरवून सरकारांना नंबर दाखवावा!”

महाराजांनी शेटकडे नुसतं बघितलं. शेटनी कोटाच्या आतल्या खिशातून बारीक पात्याचा पेचकस काढला. तो पेचाच्या खाचेत असा बसला, जसा काही तिच्यासाठीच घडवला होता!

“नखही न लावणाऱ्यानं हत्यार मात्र मापाचं बाळगलंय,” जैतून पुटपुटली. पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं.

उजवा घोडा उतरला. पोटात स्वच्छ कोरलेलं: ७२१९. डावा उतरला. पोटात नंबर नव्हता, नुसते कानशीचे ओरखडे होते आणि ते अजून चकचकत होते.

महाराजांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग सरदारांकडे वळून कडाडले, “आणि तुम्ही पाचही जण अस्सल, अस्सल म्हणत होता ते? बंदूक पाहून बोलत होता ना?”

पाचही जणांना आपापल्या जोड्यांची टोकं एकाएकी फार सुंदर वाटू लागली.

“त्यांना बोल लावू नका, सरकार,” जैतून हात जोडून म्हणाली. “त्यांनी बंदूक पाहिलीच नाही. ते तुमच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तुम्ही हसत होता!”

मिरासाहेबानं डोळे मिटून घेतले. आता देशोधडी नाही, थेट सुळीच!

पण महाराजांच्या मिशा पुन्हा थरथरल्या, खांदे हलले आणि ते असे खदाखदा हसले, की मांडीवरची तलवार खाली घसरली. “म्हणजे खोटा घोडा आम्हीच बसवला म्हणायचा!”

मुकुंदशेटकडून पैसे वसूल करून, बंदूक आणि दोन्ही घोडे हातात देऊन त्यांना घाट उतरेपर्यंत पायी पिटाळण्यात आलं. मिरासाहेब शिलेखान्याचा दारोगा झाला. जैतूनला मिळाली पायापर्यंत रुळणारी जरीची ओढणी आणि एक लेखी हुकूम: यापुढं संस्थानात येणारी प्रत्येक बंदूक आधी तिनं पाहायची, मग महाराजांनी, आणि सरदारांनी सगळ्यात शेवटी, तेही तोंड बंद ठेवून!