अत्तारांचा बोळ

“मग अत्तारांचा बोळ गेला कुठं?”

निरंजनचा आवाज चढला होता. दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या करीमशा फकिरानं गुडघा चोळायचं काही थांबवलं नाही.

“पुस्तकात बघ.”

“पुस्तकं मीच लिहितो, बाबा. शहरं पायी कशी पाहावीत त्याची. ॲपही माझंच आहे. त्यातही हा बोळ नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या गड्याच्या तर काखेत अख्ख्या गावाचा नकाशा होता, तरी सकाळपासून वळसे काही चुकत नव्हते.

“काय काम आहे तिथं?”

“माझे वडील लहानपणी तिथं राहायचे. त्यांना तो एकदा बघायचा होता...”

“मग?”

“गेल्या माघात ते गेले. म्हटलं, त्यांच्या वतीनं आपण तरी बघावा.”

करीमशा काठी टेकत उठला. “चल.”

निरंजन चालू लागला. चालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वेस ओलांडली, मोठा रस्ता लागला. फोनवर नजर ठेवून तो बराच पुढं गेला. मागं वळून पाहतो तर फकीर नाही.

म्हातारा पार मागं, एका बंद दुकानाच्या फळीवर बसला होता.

“थकलात?”

“तू पुढं गेलास.”

“मला वाटलं, मागून येताय.”

“वडिलांनाही आणलं होतंस इथं?”



“पुस्तकाच्या कामाला आलो होतो, तेव्हा आणलं होतं. त्यांना भराभर चालवेना. टपरीवर बसवलं, म्हटलं, तुम्ही चहा घ्या, मी पाहून येतो. परत आलो तर त्यांनी विचारलं, ‘बोळ दिसला का रे?’ मी म्हटलं, नकाशात नाही, अण्णा.”

“नव्हता?”

“मी बघितलंच नव्हतं.”

पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलेले अण्णा त्याला दिसले.

“आता तरी सांगा, बाबा. कुठंय तो?”

“रस्ता रुंद केला तेव्हा पाडला. तू आत्ता त्यातूनच गेलास.”

निरंजननं रस्त्याकडे पाहिलं. एक बस गेली, तिच्यामागून रिक्षा गेल्या. त्यानं फोन खिशात टाकला. पुढं काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं म्हाताऱ्यापुढं हात केला.

करीमशा त्या हाताकडे नुसता पाहत राहिला...

“उशीर झाला, बेटा.”

निरंजन हात मागं घेऊ लागला.

“राहू दे,” करीमशा म्हणाला. “मला उठायचंय.”