नऊ वीत उंचीचा तिमाजी

फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही पणज्या जन्मल्या नव्हत्या तेव्हा, माळशिंगे गावात पाणी नव्हतं. बायका घाट उतरून नदीवर जायच्या आणि डोक्यावर हंडे घेऊन परत चढायच्या. एका उन्हाळ्यात दिवस भरलेली एक सून हंड्यासकट घाटात पडली. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. मग गावाने ठरवलं, काही झालं तरी माळावर विहीर पाडायची.

त्या कामाला आला तिमाजी. विहिरी खोदणारा माणूस. उंच किती? नऊ वीत. दारातून वाकल्याशिवाय आत जायचा नाही. संगतीला त्याची बायको नागू. तो खाली दगड फोडायचा, ती दोराने टोपल्या वर ओढायची. खडक काळा, घणाला दाद न देणारा. चार महिने गेले, विहीर तीस हात खोल गेली आणि पाण्याचा थेंब नाही.

एके दिवशी भर दुपारी तिमाजीने पहार मारली आणि खडकाला चीर पडली. चिरेतून वाफ आली नाही, पाणी आलं नाही. भाकरी भाजल्याचा वास आला.

तिमाजी जागच्या जागी थिजला. तीस हात खडकाखाली कोण भाकरी भाजतंय?

तेवढ्यात चिरेतून एक बाई बाहेर आली. वीतभर उंचीची. लुगडं नेसलेली, कपाळाला कुंकू, कडेवर भुईमुगाच्या शेंगेएवढं मूल. तिमाजीच्या हातून पहार गळून पडली. म्हातारी माणसं पोरांना वीतभर माणसांच्या गोष्टी सांगायची, जमिनीखाली त्यांची गावं आहेत म्हणायची. पोरं हसायची. थोरांनाही ते खरं वाटत नव्हतं.

ती बाई म्हणाली, "दादा, हात आवर. आमच्या घरांच्या मागच्या भिंतीला तुझं पाणी तुंबलंय. अजून एक घाव घातलास तर तुला पाणी मिळेल, पण आमचं अख्खं गाव बुडेल."

तिमाजीला घाटात पडलेली ती सून आठवली. पाणी तर हवंच होतं. तो म्हणाला, "मग मी तुम्हाला वर नेतो. टोपलीत बसा."

"नेशील, पण आमचं ओझं वाईट. जो आम्हाला डोक्यावर घेतो, तो दर खेपेला एक वीत झिजतो."

तिमाजीने टोपली पुढे ओढली. मग म्हणाला, "दगड फोडणारा तसाही रोज झिजतोच, बाई."

आणि त्याने पहिली टोपली भरली, असं म्हणतात.

वर सारा गाव काठावर वाकून बघत होता. टोपलीत चाळीस-पन्नास माणसं, शेंगदाण्याएवढी जाती, चिमणीएवढ्या शेळ्या. बायकांनी तोंडावर पदर घेतले. तिमाजीने टोपली करवंदीच्या जाळीत अलगद रिकामी केली आणि तो ताठ उभा राहिला, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, तो एक वीत कमी झाला होता.

नागू ओरडली, "अहो, हे काय झालं तुम्हाला?"

त्याने सगळं सांगितलं आणि गावाला म्हणाला, "अजून आठ खेपा आहेत. आठ जणांनी एकेक खेप घेतली, तर प्रत्येकाची एकच वीत जाईल. कोण येतंय?"

कुणीच पुढे आलं नाही. ज्यांच्यासाठी तो पाणी काढत होता, ते सगळे एक पाऊल मागे सरले. नागू पुढे झाली, पण तो म्हणाला, "तू दोर धर, पुढे मला ओढून घ्यावं लागेल. यांच्यातल्या कुणावर मी तो सोपवत नाही."

तिमाजी पुन्हा उतरला. दुसरी खेप, तिसरी, चौथी. पाचव्या खेपेला तो पोराएवढा झाला. चढायला भिंतीत पाडलेल्या खोबणींपर्यंत पाय पुरेना, तेव्हा कंबरेला दोर बांधून नागू त्याला वर ओढू लागली. सातव्या खेपेला टोपली पेलेना, म्हणून करवंटी घेतली. आठवी खेप घेऊन तो वर आला तेव्हा नागूच्या पावलाशी वीतभर उंचीचा माणूस उभा होता. मिशा त्याच, डोळे तेच.

खाली अजून एक खेप उरली होती. हलता न येणारी म्हातारी माणसं.

नागूने दोर पाटलाच्या हातात दिला. "धरा. एवढं तरी कराल ना?" असं म्हणून ती खाली उतरली. म्हाताऱ्यांना घेऊन वर आली आणि एक वीत झिजली. मग पुन्हा उतरून, तीच पहार उचलून, तिने शेवटचा घाव घातला. पाणी असं उसळलं की दोर ओढायच्या आधीच त्याने तिला काठापाशी आणून सोडलं, असं म्हणतात.

कुणी जल्लोष केला नाही. हंडे घेऊन आलेल्या बायका नागूकडे बघून रडू लागल्या. पाटलाने फेटा काढून तिच्या पायाशी ठेवला. तिने तो उचलला नाही. नवऱ्याला खांद्यावर बसवलं आणि ती चालू लागली. पुढे कित्येक वर्षं ती दोघं गावोगाव दिसत. तो जिथे बोट दाखवी तिथे पाणी लागे. करवंदीच्या जाळीतली माणसं मात्र कुठे गेली, ते कुणालाच कळलं नाही.

आजही माळशिंग्यात विहीर असो, घराचा पाया असो की मांडवाच्या मेढीचा खड्डा, खोदण्याआधी घरटी एक माणूस रिकामी टोपली डोक्यावर घेऊन तिथे उभं राहतं. गावातलं सगळ्यात वयस्क माणूस जमिनीकडे तोंड करून हाक मारतं, "खाली कुणी आहे का? असाल तर या. उचलायला आम्ही सगळे आहोत."

मग सगळे थांबतात. कितीही ऊन असो, टोपली कुणी खाली ठेवत नाही.