बेवारस जाळं

“मग मी नक्की करायचं तरी काय, नाखवा? काढू की नको?”

विभावरीबाई बंदराच्या शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. वरच्या कोरड्या पायरीवर त्यांनी नुकतंच ओढून काढलेलं जाळं पडलं होतं. कुणीतरी समुद्रात टाकून दिलेलं, बेवारस.

शेजारीच जोमा नाखवा बसले होते. उभा जन्म होडीवर गेला, आता गुडघे साथ देत नाहीत. दर रविवारी बंदर साफ करायला येणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांना ते दर्या शिकवत. म्हणजे बहुतेक वेळ गप्प बसत.

विभावरीबाई आमच्या प्रमुख. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. उत्तर नसलेला प्रश्न त्यांना खपत नसे.

“मागच्या रविवारी असंच एक जाळं पाण्यात ठेवून आम्ही गेलो. सोमवारी तुम्हाला त्यात कासव मेलेलं सापडलं. तुम्ही मला नाही नाही ते बोललात. म्हणून आज आल्या आल्या पहिलं हेच काढलं. तर विचारता, का काढलंस?”

नाखव्यांनी जाळ्याकडे बोट दाखवलं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे, लुसलुशीत घोस चिकटले होते. माकुलाची, म्हणजे स्क्विडची, अंडी. ऊन चढत होतं आणि घोसांवरचं पाणी सुकायला लागलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला.

“अगं बाई... जिवंत आहेत ही!”

“हायत. अजून हायत.”

“तेवढा भाग कापून पाण्यात सोडू?”

“कुठून कापशील?”

बाईंनी कात्री काढली. जाळं उलटंपालटं करून पाहिलं. कात्री परत खिशात गेली.

मग त्यांनी जाळं उचललं आणि पाण्यात लोटून दिलं.

“आनि कासव आलं तर?”

बाईंनी घाईघाईनं ते परत ओढलं.

“आनि अंडी?”

पुन्हा लोटलं. पुन्हा ओढलं...

आम्ही हातात गोण्या धरून बघत राहिलो. एरवी हसलो असतो. पण मला काढणंही पटत होतं आणि ठेवणंही पटत होतं, डोकं अगदी चालेनासं झालं होतं.

“एक काय ते सांगा ना!” बाईंचा आवाज चिरकला. “एकच नियम सांगा. मी सगळ्यांकडून पाळून घेईन. माझ्या हातून आणखी काही मरायला नकोय मला.”

नाखवा एकेक पायरी बसत बसत खाली आले. जाळं पाण्यात सरकवलं. त्याची दोरी बाईंच्या हातात दिली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

पाण्याखाली घोस हलू लागले.

“आता कासव आलं तर?” या वेळी बाईंनी विचारलं.

“तू हायस ना.”

“अंडी फुटायला किती दिवस?”

“दोन आठवडं. तीन बी लागतील.”

“नाखवा, आम्ही फक्त रविवारी येतो...”

नाखवा पायरीवर टेकले. भरती सुरू झाली होती. बाईंनी एकदा दोरीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. आमच्यातला एकजण चपला काढून त्यांच्या शेजारी पाण्यात उतरला, पण काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

“मग मी घरी कधी जायचं?” बाईंनी विचारलं.

“हे जालं ज्याचं व्हतं ना, बाय... तो बी घरी गेला.”